दुकानांतील नोकराची नजर

उचलेगिरी हा शब्द मराठी बोलींत चांगला मुरलेला आहे. कुलूप तोडून होते ती घरफोडी. वाटेवर अडवून होते ती लूट. आणि दिवसाढवळ्या, दुकान उघडें असतां, मालक गादीवर व नोकर समोर असतां, गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाच्या हातून जी वस्तु नाहींशी होते ती उचलेगिरी. या तिसऱ्या प्रकारास कुलूप उपयोगी नाहीं आणि रखवालदारहि फारसा उपयोगी नाहीं. तिचा बंदोबस्त काय तो दुकानांतील नोकराच्या नजरेनें व्हावयाचा. ही नजर त्यास कशी शिकवीत, आणि दुकानाची रचना पालटली तशी ती शिकवण कशी पालटली, हें पाहण्याजोगें आहे.

सातारा जिल्ह्यांतील खंडाळा घ्या. लोणावळ्याशेजारचें थंड हवेचें खंडाळा तें निराळें. हें खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशीं, पुणें-सातारा रस्त्यावर वसलेलें तालुक्याचें गांव. जुनीं माणसें यास पारगांव-खंडाळा म्हणत आलीं आहेत. याच तालुक्यांत नीरेकांठचें शिरवळ आहे आणि कांद्याच्या बाजाराचें लोणंद आहे. अशा गांवांतील जुन्या वळणाचें किराणा दुकान म्हणजे रस्त्यापासून हातभर उंच ओटा, फळ्यांचें दार, दाराशींच गादी, गादीपुढें तागडी व गल्ला, आणि मागें अंधारांत पोतीं, डबे व बरण्या. गिऱ्हाईक ओट्याखालीं उभें राही, फार तर ओट्याच्या कडेला टेंके. साखर असो, गूळ असो कीं दोन आण्यांची हळद असो, ती नोकरानें आंतून आणावयाची, तोलावयाची, पुडींत बांधावयाची आणि हातांत द्यावयाची. गिऱ्हाइकाचा हात मालापर्यंत पोंचतच नसे. मग उचलावें कोणी आणि काय?

बाजाराच्या दिवशीं हा बंदोबस्त थोडा सैल होई. खोबरें, शेंगा, मिरच्या, चुरमुरे यांचीं पोतीं तोंडें उघडून ओट्यावर मांडलेलीं असत, भोंवतीं वाड्यावस्त्यांवरील माणसांची दाटी असे, आणि पोत्याशीं एक पोरसवदा नोकर बसविलेला असे. त्यास मिळणारा पहिला धडा मोठा मार्मिक होता. चार शेंगा फोडून तोंडांत टाकणारा माणूस चोर नव्हे. चव पाहण्याचा रिवाजच आहे, आणि चव पाहणाराच पुढें पायलीभर घेतो. मूठ तोंडाकडे गेली तर तिकडे पाहूं नये. पिशवीकडे गेली तर ‘मावशी, मापून देऊं का?’ म्हणून माप पुढें करावें. एवढ्यानें काम भागे. मावशीस मान खालीं घालावी लागत नसे आणि मालकास मूठभर शेंगाहि गमवाव्या लागत नसत.

उमेदवारीच्या आरंभीं मुलास विक्रीला बसवीत नसत. फळ्या काढणें, झाडणें, रद्दीच्या पुड्या वळणें, बरण्या पुसून जागच्या जागीं लावणें, यांतच त्याचे पहिले महिने जात. बाहेरून पाहणाऱ्यास वाटे कीं, हें नुसतें राबवून घेणें आहे. कांहीं अंशीं तें तसें होतेंहि. उमेदवाराच्या कष्टांवर कित्येक दुकानें चाललीं हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या पुसण्यांत व लावण्यांत एक शिक्षण दडलेलें असे. रोज दोनदां ज्या हातानें बरणी पुसली आहे त्या हातास तिची जागा पाठ होते, आणि ज्याची जागा पाठ आहे त्याची उणीव चटकन् डोळ्यांत भरते. एका ओळींत सात साबणाच्या वड्या असावयाच्या त्या सहा दिसल्या, तर मोजावें लागत नाहीं. ओळ मोडलेली दिसते. पुढें मोठमोठ्या भांडारांतून माल नेहमीं फळीच्या पुढच्या कडेला ओढून सरळ रांगेंत ठेवण्याचा जो नियम नोकरांस शिकवूं लागले, त्याचें मूळ हेंच.

कापडाच्या दुकानांतील शिक्षण याहून कडक. येथें माल गिऱ्हाइकाच्या हातांत द्यावाच लागतो. पोत पाहिल्याविना आणि पदर खांद्यावर टाकून पाहिल्याविना लुगडें कोण घेणार? म्हणून येथें नोकर जोडीनें बसत. एक दाखविणारा व दुसरा घडी घालणारा. गिऱ्हाइकास वाटावें, घडी घालणारा हा नवशिका, हलक्या कामाचा. वस्तुतः डोळ्यांचें काम त्याजकडेच असे. दाखविणाऱ्याचें सारें चित्त बोलण्यांत व गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडींत गुंतलेलें. मोजणी करी तो घडी घालणारा. चार लुगडीं उलगडलीं कीं नापसंत तीन घडी होऊन मागें जात आणि मगच पुढचीं येत. गादीवर ढीग होऊं द्यावयाचा नाहीं, आणि ढीग झालाच तर गिऱ्हाईक उठण्यापूर्वीं तो उठला पाहिजे, हा या दुकानांचा दंडक.

लग्नाचा बस्ता बांधावयास मंडळी आली कीं या दंडकाची कसोटी लागे. नवरीकडचीं पंधरा आणि नवऱ्याकडचीं पंधरा माणसें, मानापानाचीं लुगडीं, मुलांची धांवपळ, मध्येंच चहा, मध्येंच रुसवा. अशा वेळीं कोणी आपल्या मांडीखालीं चोळखण सरकविला तर तो खरोखर चोरीनें कीं गर्दींत चुकून, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. जाणत्या दिवाणजीची रीत अशी असे कीं, बस्ता बांधून होतांच त्यानें मोठ्यानें यादी वाचावी, ‘एवढीं पातळें, एवढे खण, एवढीं धोतरें,’ आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांदेखत एकेक नग गाठोड्यांत टाकावा. राहिलेला खण तेव्हां आपोआप वर येई, आणि ‘अरे, हा इकडे राहिला होता’ म्हणण्यास सर्वांना जागा असे.

सराफाच्या दुकानांत मोजणीला तोलाची जोड असे. अंगठ्यांच्या मखमली पेटींत जितकीं घरें तितक्याच अंगठ्या; एक घर रिकामें झालें कीं तें पांढऱ्या कपड्यावरच्या डागासारखें दिसतें. एक पेटी परत आंत गेल्याविना दुसरी बाहेर काढावयाची नाहीं, हा नियम प्रत्येक पेढीवर असावयाचाच. परंतु सराफास भीति असते ती नुसती उचलण्याची नव्हे, तर बदलीची. खरा दागिना पदराआड जातो आणि त्याच घडणीचा खोटा परत येतो. घर भरलेलें दिसतें, मोजणी बरोबर येते. म्हणून परत आलेला नग तराजूंत घालून मगच जागीं ठेवावा, असें नोकरास शिकवावें लागतें.

दुकानदारांची एक गुप्त बोलीहि होती. तिला नंदभाषा म्हणत. मोल्सवर्थच्या कोशांत तिची नोंद आहे. तींत केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पांच. गिऱ्हाइकासमोर मालक-नोकरांनीं भावाची गोष्ट करावी आणि गिऱ्हाइकास कळूं नये, हा तिचा मुख्य उपयोग. अशी बोली हाताशीं असली म्हणजे ‘तिघांवर लक्ष ठेव’ असा इशारा देण्यासहि ती चालण्याजोगी होती. अर्थात् ज्या भाषेनें चोरापासून दुकानाचें रक्षण व्हावें तिनेंच गिऱ्हाइकाची फसवणूकहि होऊं शके. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कंटकशोधन नांवाचें अधिकरण आहे, त्यांत ‘वैदेहकरक्षण’ हें एक प्रकरण येतें. वैदेहक म्हणजे व्यापारी. नांव वाचून वाटतें कीं, व्यापाऱ्याचें रक्षण सांगितलें असेल. प्रत्यक्षांत तेथें खोटीं मापें व भेसळ यांपासून, म्हणजे व्यापाऱ्यांपासून, प्रजेचें रक्षण कसें करावें तें सांगितलें आहे. विलायतेंत वारें उलटें होतें. तेथें १६९९ सालच्या कायद्यानें दुकानांतून पांच शिलिंगांचा माल गुपचूप उचलणाऱ्यास फांशीची शिक्षा ठेवली होती. सर सॅम्युएल रोमिली यांनीं १८१० सालीं ती रद्द करण्याचें विधेयक आणलें. कॉमन्स सभेनें तें मान्य केलें आणि उमरावांच्या सभेनें फेटाळलें.

माल आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध माणूस बसलेला आहे, या एका गोष्टीवर ही जुनी शिकवण उभी होती. विसाव्या शतकानें तो माणूस मधून उठविला. अमेरिकेंतील मेंफिस शहरीं १९१६ सालीं क्लॅरेन्स सॉन्डर्स यानें ‘पिगली विगली’ नांवाचें दुकान काढलें. तेथें गिऱ्हाइकानें हातांत टोपली घेऊन फळ्यांमधून हिंडावें, हवें तें स्वतः उचलावें आणि बाहेर पडतांना पैसे द्यावेत. हीच स्वयंसेवा पद्धति. भारतांत तिला वाट करून दिली ती मुख्यतः सहकारी भांडारांनीं. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महागाईस आळा घालण्यासाठीं केंद्र सरकारनें ग्राहक भांडारांची योजना हातीं घेतली. १९६६ सालीं दिल्लीस सुपर बाजार उघडला. मुंबईंत नायगांवच्या गिरणी कामगारांनीं १९४८ सालीं काढलेल्या भांडाराचा ‘अपना बाजार’ झाला. इकडे वारणेच्या खोऱ्यांत, सांगली जिल्ह्याच्या सीमेलगत, तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानें वारणानगरास ‘वारणा बाजार’ उभा राहिला आणि खेड्यांतील बायकांना एका छपराखालीं सारा संसार मिळूं लागला.

आतां नोकरापुढें नवाच पेंच आला. काल त्याला शिकविलें होतें कीं, माल गिऱ्हाइकाच्या हातीं मोजून द्यावा. आज सांगावयाचें कीं, गिऱ्हाइकास खुशाल हात लावूं द्या. गिऱ्हाइकाच्या मागें मागें फिरलें तर त्याला राग येतो, आणि न फिरलें तर माल जातो. या पेंचांतून जी शिकवण निघाली तिचें पहिलें कलम अगदीं घरगुती होतें. दारांत येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून नमस्कार करावा आणि काय हवें तें विचारावें. प्रामाणिक गिऱ्हाइकास तें अगत्य वाटतें. ज्याच्या मनांत कांहीं वांकडें आहे त्यास कळतें कीं आपल्याला पाहिलें गेलें आहे. एकच वाक्य दोघांना दोन अर्थांनीं पोंचतें, आणि तें बोलण्यास पैसा पडत नाहीं.

बाकीचीं कलमें मांडणीचीं. फळ्या खांद्याहून उंच नसाव्यात, म्हणजे एका टोकाचा नोकर दुसरें टोक पाहूं शकतो. पात्यांचीं पाकिटें, अत्तराच्या बाटल्या, बाळाच्या दुधाचे डबे, अशा लहान पण मोलाच्या वस्तू पैसे घेणाऱ्याच्या नजरेखालीं असाव्यात. मोठी पिशवी दाराशीं ठेवून घ्यावी आणि पितळी बिल्ला द्यावा. पण बिल्ला सर्वांस द्यावा. मोटारींतून उतरलेल्या बाईची पिशवी आंत जाऊं द्यावयाची आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईची अडवावयाची, असें झालें तर बिल्ला हा बंदोबस्त राहत नाहीं, अपमान होतो. कपडे घालून पाहण्याच्या खोलींत जातांना नग मोजून तितक्या आंकड्याची चकती हातीं द्यावी. बाहेर पडतांना बिलावर शिक्का मारावा.

या साऱ्याचा हिशेब लावण्याची रीत नोकरास समजावून देत, तीहि उपयुक्त होती. समजा, विक्रीच्या भावानें वर्षारंभीं एक लाखाचा माल होता, वर्षांत नऊ लाखांचा आणखी भरला, आणि साडेआठ लाखांची विक्री झाली. शिल्लक दीड लाखाची हवी. मोजणींत ती एक लाख सत्तेचाळीस हजार भरली, तर तीन हजारांची तूट. आणि रुपयामागें दोनच पैसे निव्वळ सुटत असतील, तर पन्नास रुपयांचा एक डबा गेल्यावर ते पन्नास भरून निघण्यास अडीच हजारांची विक्री व्हावी लागते. हें गणित ऐकून कित्येक नोकरांचे डोळे प्रथमच उघडत.

परंतु तूट म्हणजे चोरी असें समीकरण मांडणारा शिक्षक कच्चा समजावा. कांदा साठवणींत सुकतो आणि वजनास उतरतो, हें लोणंदच्या कोणाहि व्यापाऱ्यास ठाऊक आहे. गुळाला पावसाळ्यांत पाणी सुटतें. पोतें उंदीर कुरतडतात. तागडी एका बाजूला झुकती असते. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या खोक्यांत एक नग कमीच असतो. बिल करणारा दोनाच्या जागीं एक मांडतो. आणि घरचाहि चोर असतो. भारतीय दंडसंहितेंत नोकरानें केलेल्या चोरीस ३८१ हें स्वतंत्र कलम उगीच नव्हतें. म्हणून तूट दिसली कीं आधीं तागडी तपासावी, मग आवक-वही, मग बिलें, आणि गिऱ्हाइकाकडे बोट सर्वांत शेवटीं करावें.

तुटीचा भार पडे कोणावर, हा प्रश्न नाजूक होता. कित्येक ठिकाणीं ती सरळ नोकरांच्या पगारांत वांटून टाकीत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानें याला मर्यादा घातली होती. माल त्या नोकराच्या ताब्यांत स्पष्टपणें दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्याच हयगयीनें झालेलें असलें पाहिजे, आणि पगार कापण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. पुढें आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेंतहि हाच दंडक आहे. जुन्या दुकानांत हें सिद्ध करणें शक्य होतें. लुगड्यांची फळी एकाकडे, खणांची दुसऱ्याकडे. शंभर गिऱ्हाइकें व दहा नोकर मोकळे हिंडत असलेल्या भांडारांत कोणाची हयगय ती कशी ठरवावी? तरी पगार कापले जात. आणि ज्याच्या पगारांतून डब्याची किंमत जाणार, तो नोकर गिऱ्हाइकाकडे प्रसन्न मुद्रेनें पाहील ही अपेक्षा व्यर्थ होय.

त्या भीतीपोटीं तो पाहतो कोणाकडे? फाटक्या कपड्यांकडे. या खोडीचें मूळ केवळ नोकराच्या स्वभावांत नव्हतें. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींतील मूल जन्मतःच संशयित ठरविलें. तो कायदा १९५२ सालीं गेला. शिक्का मात्र समाजाच्या डोळ्यांत राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचें नांवच ‘उचल्या’ आहे. १९८७ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि १९८८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यास मिळाला. जातीवरून किंवा वेषावरून चोर ओळखण्याची शिकवण अन्यायाची तर आहेच, शिवाय ती धंद्यालाहि मारक आहे. कारण सारे डोळे लक्तरांवर खिळलेले असतां जरीकांठी पदराआड काय चाललें आहे तें पाहावयास कोणी उरत नाहीं. चांगले शिक्षक म्हणून सांगत कीं, माणूस पाहूं नका, त्याचे हात पाहा. माल घेणाऱ्याचे डोळे मालावर असतात. उचलणाऱ्याचे नोकरावर असतात. जोडीनें आलेल्यांपैकीं एक वरच्या फळीवरील वस्तु काढावयास लावतो, तेव्हां दुसरा कोठें आहे तें पाहावें.

आतां वस्तु पिशवींत गेलेली डोळ्यांनीं पाहिली, तर पुढें काय? जुन्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमाप्रमाणें लबाडीच्या हेतूनें वस्तु जागची हलविली कीं चोरी पुरी होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि व्याख्या तीच आहे. पण हेतु डोळ्यांना दिसत नाहीं. टोपलींत ठेवावयाचा डबा सवयीनें पिशवींत टाकणारा म्हातारा आणि चोर, गल्ल्यापर्यंत दोघे सारखेच दिसतात. म्हणून पैसे देण्याची जागा ओलांडीपर्यंत कोणास हटकूं नये, असा दंडक घालीत. आणि तेथेंहि ‘चोर’ हा शब्द तोंडांतून निघतां कामा नये. ‘ताई, तो डबा बिलांत धरावयाचा राहिला का?’ एवढेंच विचारावें. सहसा डबा निघतो, पैसे दिले जातात आणि प्रकरण मिटतें.

मिटलें नाहीं तर कायदा खासगी माणसास डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्याबद्दलच धरण्याचा अधिकार देतो, पण तो पोलिसांच्या हवालीं करण्यापुरता. नागरिक सुरक्षा संहितेनें त्यास सहा तासांची मुदत घातली आहे. मारणें, गळ्यांत पाटी अडकवून उभें करणें, कोठींत कोंडून कबुलीजबाब लिहून घेणें, बाईमाणसाची पिशवी हिसकून झडती घेणें, हे प्रकार घडत आले आहेत. त्यांत नोकर स्वतःच गुन्हेगार ठरतो. न्याय संहितेनें तर पांच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. खेड्यांतील जुन्या वाण्याची तऱ्हा निराळीच. गेलेला जिन्नस तो कधीं कधीं मुकाट्यानें त्या घराच्या उधारीच्या वहींत मांडी, आणि सुगीला खातें फेडतांना तें घरहि मुकाट्यानें भरी.

पुढें यंत्रें आलीं. वेष्टनावरील काळ्या रेघा वाचून किंमत लावण्याचें यंत्र १९७४ सालच्या जूनमध्यें अमेरिकेंतील ट्रॉय गांवीं एका दुकानांत प्रथम चाललें. मालाला लावलेली चकती दारांतून जातांना घंटा वाजविते, ही युक्ति त्याच्या थोडी आधींची. कॅमेरे तर आतां तालुक्याच्या गांवांतील औषधांच्या दुकानांतहि दिसतात. यंत्र झोपत नाहीं हें खरें. परंतु चव पाहणारी मूठ आणि पिशवीकडे जाणारी मूठ यांतला फरक त्यास सांगतां येत नाहीं. दाराशीं घंटा वाजते ती पुष्कळदां गल्ल्यावरील मुलाच्या हातून चकती काढावयाची राहिली म्हणून. अशा वेळीं दारावरील नोकरानें हात आडवा घालावयाचा नाहीं. ‘माफ करा, आमच्याकडून चकती राहिलेली दिसते,’ असें म्हणून पिशवी परत गल्ल्यावर न्यावयाची. आणि नेतांना गिऱ्हाइकाच्या पुढें चालावयाचें, मागें नव्हे, म्हणजे भोंवतालच्या माणसांना तो सामान पोंचविणारा वाटतो, पकडून नेणारा वाटत नाहीं.